पत्ता सापडत नसेल तर ‘नाही’ म्हणा: मॅक शोधणारं पायथन टूल सांभाळताना

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल-चादरीच्या कुठल्याही कारखान्याचं ऑफिस घ्या. हजेरीचं अंगठ्याचं मशीन, कॅमेऱ्यांचा डीव्हीआर, बारकोडचा प्रिंटर, हिशेबाचे दोन कॉम्प्युटर आणि कोपऱ्यात धूळ खात लुकलुकणारा राउटर. लाइट जाऊन आली की हे सगळं एकदम चालू होतं आणि राउटर नव्यानं आयपी (नेटवर्कातले पत्ते) वाटायला बसतो. स्वस्तातल्या बऱ्याच राउटरांना आधी कुणाला काय दिलं होतं ते आठवत नाही. काल १९२.१६८.१.२० वर असलेला प्रिंटर आज २३ वर जातो आणि गठ्ठ्यांवर लावायची लेबलं अडकून बसतात.

इलाज जुनाच आहे. प्रत्येक यंत्राचा मॅक पत्ता (त्याच्या नेटवर्क कार्डाचा स्वतःचा क्रमांक) राउटरमध्ये नोंदवून त्याला एक आयपी बांधून द्यायचा. पण त्यासाठी आधी सगळ्यांचे मॅक पत्ते हवेत. काही यंत्रांच्या पाठीवर स्टिकर असतो, काहींचा पुसला गेलेला असतो, डीव्हीआर तर छताजवळच्या फळीवर. म्हणून आयपी, नाव किंवा इंटरफेस (मशीनमधल्या नेटवर्क कार्डाचं नाव) दिला की मॅक सांगणारं एक छोटं पायथन टूल, तेही विंडोज, लिनक्स आणि मॅकओएस तिन्हीवर चालणारं.

असं टूल लिहायला एक रविवार पुरतो. सांभाळणं मात्र संपत नाही, कारण यातलं अर्धं काम दुसऱ्यांच्या कमांडचं आउटपुट वाचण्याचं आहे आणि ते आउटपुट आपल्याला न विचारता बदलत राहतं. तेव्हा पहिल्या दिवशीच एक नियम ठरवलेला बरा: खात्री नसेल तर रिकामं उत्तर द्यायचं, चुकीचा पत्ता कधीही द्यायचा नाही. ‘सापडला नाही’ म्हटल्यावर माणूस दुसरी वाट शोधतो. चुकीचा पत्ता मात्र राउटरमध्ये नोंदवला जातो आणि चार महिन्यांनी भलत्याच यंत्राला भलता आयपी मिळतो.

हा नियम पायथनच्या स्वतःच्या लायब्ररीतच मोडलेला दिसतो. ‘पायथनमध्ये मॅक कसा काढायचा’ असं शोधलं की यूयूआयडी मॉड्यूलमधलं गेटनोड हे फंक्शन पुढे येतं. ते ४८ बिटांचा एक आकडा देतं. कुठल्या कार्डाचा, ते सांगत नाही. आणि कुठलाच पत्ता सापडला नाही तर एरर देण्याऐवजी स्वतःच एक यादृच्छिक आकडा तयार करून देतं. यात फंक्शनची चूक नाही. यूयूआयडी, म्हणजे दुसऱ्या कुणाशी जुळू नये असा ओळखक्रमांक, बनवायला वेगळा आकडा मिळाला की त्याचं काम झालं, आणि त्याचे नियम सांगणाऱ्या आरएफसी ४१२२ मध्ये तसंच सुचवलेलं आहे. बनावट आकडा ओळखायची खूणही त्यातच ठेवलेली असते: पहिल्या बाइटचं शेवटचं बिट १ केलेलं असतं. आकडा ४० बिटांनी उजवीकडे सरकवा. शेवटचं बिट १ असेल तर फेकून द्या. ही तपासणी न करता गेटनोडवर लायसन्सचं कुलूप बांधणारे प्रोग्राम आहेत. तसलं कुलूप आज उघडतं आणि प्रोग्राम बंद करून पुन्हा चालू केला की उघडत नाही.

पत्त्याची रचना थोडक्यात, कारण पुढची सगळी गाळणी त्यावर आहे. सहा बाइट, म्हणजे सोळाच्या पद्धतीतले बारा अंक. नेहमीच्या वाटपात पहिले तीन बाइट आयट्रिपलई ही मानकं ठरवणारी संस्था यंत्र बनवणाऱ्या कंपनीला देते आणि उरलेल्या तिनांत कंपनी १,६७,७७,२१६ यंत्रं बसवू शकते. छोट्या कंपन्यांना २८ किंवा ३६ बिटांचा पूर्वभाग मिळतो, म्हणजे अनुक्रमे १०,४८,५७६ आणि ४,०९६ पत्ते. त्यामुळे ‘पहिले सहा अंक बघा, कंपनी कळेल’ हे नेहमी खरं नसतं. कंपनीचं नाव दाखवायचं असेल तर आधी ३६ बिटांची यादी, मग २८ ची, मग २४ ची अशीच शोधायची. उलट्या क्रमानं शोधलं तर छोट्या कंपनीच्या जागी आयट्रिपलईचंच नाव छापलं जातं.

पहिल्या बाइटची शेवटची दोन बिटं महत्त्वाची. शेवटचं १ असेल तर तो मल्टिकास्टचा, म्हणजे एकदम अनेकांना पाठवायचा पत्ता, कुठल्याही एका कार्डाचा असूच शकत नाही. शेवटून दुसरं १ असेल तर पत्ता कारखान्यात दिलेला नाही, सॉफ्टवेअरनं ठरवलेला आहे. डोळ्यांनी ओळखायचं तर दुसरा अंक २, ६, ए किंवा ई असतो. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासूनचे फोन वाय-फायवर मुळातच असा बनवलेला पत्ता दाखवतात. मालकांच्या फोनला राउटरमध्ये आयपी बांधायचा असेल तर फोनच्या सेटिंगमध्ये त्या वाय-फायपुरतं हे आधी बंद करा. टूलनं असा पत्ता नाकारायचा नाही, कारण तो त्या क्षणी खरा असतो. फक्त हवी असेल तर खूण दाखवावी. नाकारायचे ते तीन: सगळी शून्यं, सगळे एफ, आणि मल्टिकास्ट.

आता लिनक्स. स्वतःच्या कार्डाचा पत्ता इथे सगळ्यात सोपा: /सिस/क्लास/नेट/ मध्ये इंटरफेसच्या नावाचं फोल्डर आणि त्यात अ‍ॅड्रेस नावाची फाइल. वाचा, शेवटची नवी ओळ काढा, झालं. कुठलीही कमांड चालवायला लागत नाही. इथे दोन-तीन खड्डे आहेत. वापरणाऱ्यानं दिलेलं नाव थेट फाइलच्या वाटेत जोडत असाल तर त्यात तिरकी रेघ नाही ना, ते बघा. नाहीतर टूल सर्व्हरवर चालत असेल तेव्हा कुणीही नको त्या फाइलकडे बोट दाखवू शकतो. ‘लो’ या, मशीन स्वतःशीच बोलतं त्या आभासी इंटरफेसचा पत्ता सगळी शून्यं येतो. तो वर सांगितलेल्या गाळणीत अडकतो. इन्फिनिबँडच्या (मोठ्या सर्व्हरांच्या वेगवान जोडणीच्या) कार्डाचा पत्ता २० बाइटांचा असतो; त्यातले पहिले सहा घेऊन मॅक म्हणून देणं ही सरळ फसवणूक. आणि दोन कार्डं बाँड केली, म्हणजे जोडून एकासारखी वापरली असतील तर साधारणपणे दोन्हीकडे एकच पत्ता दिसतो. कार्डावरचा मूळ पत्ता हवा असेल तर /प्रोक/नेट/बाँडिंग/ मधली फाइल वाचावी लागते.

जुन्या कोडमध्ये आयऑक्टल (कर्नलला, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याला, थेट विचारण्याची सोय) वापरून, ०एक्स८९२७ हा क्रमांक देऊन पत्ता काढलेला दिसेल. तोही चालतो; उत्तरातले १८ ते २३ हे बाइट म्हणजे मॅक. पण त्यासाठी लागणारं एफसीएनटीएल मॉड्यूल विंडोजवर नाही. फाइलच्या माथ्यावर इम्पोर्ट केलं तर विंडोजवाल्याचं टूल पहिल्याच ओळीला कोसळतं. इम्पोर्ट फंक्शनच्या आत ठेवा. नावाची मर्यादा १५ अक्षरांची आहे हेही लक्षात असू द्या. यूएसबीच्या लॅन अडॅप्टरला सिस्टिमडी ‘ईएनएक्स’ आणि पुढे बारा अंकी मॅक असं नाव देतं, ते बरोबर १५ भरतं. एक अक्षर कमी धरलेल्या कोडमध्ये फक्त हेच अडॅप्टर सापडत नाहीत आणि का ते लवकर उमगत नाही.

इंटरफेसचं नावच दिलं नाही तर कुठलं धरायचं? ‘ईटीएच०’ धरून चालण्याचे दिवस २०१३ च्या आसपास संपले. बरोबर उत्तर म्हणजे बाहेर जाणारी डिफॉल्ट वाट ज्या कार्डावरून जाते ते कार्ड. /प्रोक/नेट/राउट मध्ये डेस्टिनेशन आठ शून्यं असलेली ओळ शोधायची. पण तेवढं पुरत नाही. ओपनव्हीपीएन चालू असताना मूळ वाट न पुसता ०.०.०.०/१ आणि १२८.०.०.०/१ अशा दोन अर्ध्या वाटा टाकण्याची पद्धत आहे. पहिल्या अर्ध्या वाटेचं डेस्टिनेशनही आठ शून्यंच असतं! मास्क बघितला तरच फरक कळतो: खऱ्या डिफॉल्ट वाटेचा मास्कही आठ शून्यं, व्हीपीएनच्या ओळीचा ००००००८०. मास्क न बघणारं टूल ‘टन०’ हे व्हीपीएनचं आभासी कार्ड धरतं आणि त्याला मॅक नसतोच. दोन डिफॉल्ट वाटा असतील, म्हणजे केबलही आहे आणि वाय-फायही, तर ज्याचा मेट्रिक (वाटेच्या पसंतीचा आकडा) कमी ते कार्ड. त्याच फाइलमध्ये गेटवेचा आयपी उलट्या बाइटांत येतो: १९२.१६८.१.१ हे ०१०१ए८सी० असं दिसतं. नेहमीच्या इंटेल-एआरएम मशीनवर हे खरं. बाइटांचा क्रम उलटा असलेल्या मशीनवर नाही. म्हणून ‘लिटल’ असं लिहून टाकण्याऐवजी मशीनचा स्वतःचा क्रम वापरा.

दुसऱ्या यंत्राचा पत्ता काढणं हा निराळाच मामला. साखर पेठेत बसून जुळे सोलापुरातल्या प्रिंटरचा मॅक मिळत नाही, इंटरनेटनं दोन्ही ठिकाणं जोडलेली असली तरी. एआरपीची, म्हणजे ‘हा आयपी कुणाचा, मॅक सांगा’ अशी हाक गल्लीतच ऐकू जाते, राउटरच्या पलीकडे जात नाही. पलीकडचा आयपी दिला तर आपल्या मशीनला फक्त आपल्या राउटरचा मॅक ठाऊक असतो. काही टूलं तोच उत्तर म्हणून देतात. नियमाप्रमाणे इथे रिकामं उत्तर द्यायचं आणि संदेशात लिहायचं: हा आयपी आपल्या नेटवर्कातला नाही.

त्याच नेटवर्कातला असेल तर कर्नलच्या शेजाऱ्यांच्या यादीत तो असायला हवा. नसेल तर हाक मारायची. पिंग चालवण्यापेक्षा त्या आयपीकडे एखाद्या उंच पोर्टवर रिकामं यूडीपी पॅकेट पाठवणं बरं: अ‍ॅडमिन हक्क लागत नाहीत, वेगळी कमांड लागत नाही, आणि पॅकेट पोचावं अशी अपेक्षाही नसते. ते पाठवण्यासाठी कर्नलला आधी एआरपीनं विचारावं लागतं, आपल्याला तेवढंच हवं असतं. यात एक गोडी अशी की पिंगला उत्तर न देणारा डीव्हीआरही एआरपीला उत्तर देतो. न दिलं तर त्याच्याशी कुणाला बोलताच येणार नाही. पाठवल्यावर लगेच यादी वाचू नका. ५० मिलिसेकंदांनी, मग २०० नी, मग एका सेकंदानं असं बघा. लिनक्सचा कर्नल एकेका सेकंदाच्या अंतरानं तीनदा विचारतो आणि मग नाद सोडतो, तेव्हा तीन सेकंदांपलीकडे थांबण्यात अर्थ नाही.

यादी म्हणजे /प्रोक/नेट/एआरपी. तिच्यात फ्लॅग्ज नावाचा रकाना असतो. ०एक्स० म्हणजे विचारलंय, उत्तर आलं नाही. अशा ओळीत मॅकच्या जागी शून्यं असतात. ०एक्स२ म्हणजे उत्तर आलेलं. ‘आयपी नेबर’ कमांडमध्ये हेच शब्दांत येतं: स्टेल लिहिलेलं असेल तर पत्ता जुना पण बहुधा बरोबर, फेल्ड किंवा इनकम्प्लीट असेल तर पत्ता नाहीच.

आणि मग नवख्यांच्या कोडमधली सगळ्यात नेहमीची चूक. १९२.१६८.१.२ ची ओळ शोधताना ‘ओळीत हा मजकूर आहे का’ एवढंच तपासलं की १९२.१६८.१.२० ची ओळही जुळते. ती आधी आली तर राउटरच्या पाठच्या स्विचऐवजी प्रिंटरचा मॅक मिळतो. आयपीच्या आधी आणि नंतर अंक नाही याची खात्री करा आणि रेग्युलर एक्स्प्रेशनमधल्या टिंबांना एस्केप करा. त्याहून बरं म्हणजे ओळ रकान्यांत तोडून पहिला रकाना तंतोतंत जुळवा.

स्वतःचाच आयपी विचारला तर? एआरपीच्या यादीत आपण स्वतः नसतो. आधी तो आपल्याच कुठल्या कार्डाचा आहे का ते बघून मग यादीकडे वळायचं. नाव दिलं असेल तर आणखी एक फेरा: डेबियन-उबुंटूवर मशीनचं स्वतःचं नाव बऱ्याचदा १२७.०.१.१ कडे नेतं, तिथून ‘लो’ कडे, तिथून शून्यांकडे.

हाक नीट मारूनही उत्तर फसवं निघतं अशी एक जागा आहे. वाय-फाय रिपीटरच्या मागची तीन-चार यंत्रं एकाच मॅकनं दिसतात, कारण बरेच रिपीटर पुढे स्वतःचाच पत्ता लावतात. टूलची यात चूक नाही, पण वेगवेगळ्या आयपींना एकच मॅक आला तर इशारा द्यावा. स्वस्त यूएसबी-लॅन अडॅप्टरांतही एकाच खेपेतल्या सगळ्या नगांवर एकच पत्ता असल्याचं आढळतं. असे दोन नग एका स्विचवर लागले की दोन्ही मशीन आळीपाळीनं चालतात.

विंडोजवर तीन वाटा आहेत आणि दोन टाळण्यासारख्या. ‘आयपीकॉन्फिग ऑल’ चं आउटपुट वाचणं ही सगळ्यांची पहिली वाट. त्यात ‘फिजिकल अ‍ॅड्रेस’ हे शब्द शोधले तर जर्मन किंवा फ्रेंच विंडोजवर काहीच सापडत नाही. म्हणून शब्द सोडून नुसते सहा जोड्यांचे नमुने शोधले, तर पुढचा खड्डा: त्याच आउटपुटमध्ये डीएचसीपीव्ही६ क्लायंट डीयूआयडी नावाची ओळ असते, १४ बाइटांची, ‘००-०१-००-०१’ नं सुरू होणारी. सैल नमुना तिच्यातले पहिले सहा बाइट उचलतो. टेरेडोसारख्या बोगद्यांच्या अडॅप्टरांचा पत्ता आठ बाइटांचा, ‘००-००-००-००-००-००-००-ई०’. त्यातली सहा शून्यं हाती येतात. पत्ता ००:०१:००:०१ नं सुरू होतोय अशी तक्रार आली की हाच प्रकार समजावा. नमुन्याच्या दोन्ही टोकांना ‘इथे आणखी अंक किंवा जोडरेघ नाही’ ही अट घातली की दोन्ही बंद होतात.

दुसरी वाट डब्ल्यूएमआयसी, मशीनची माहिती विचारायची विंडोजची जुनी कमांड. ती मायक्रोसॉफ्टनं केव्हाच निवृत्तीच्या यादीत टाकली आणि विंडोज ११ च्या २४एच२ पासून नव्या मशीनवर ती मुळात बसवलेलीच नसते. शिवाय तिच्या आउटपुटमध्ये ओळीच्या शेवटी दोन कॅरेज रिटर्न येतात, त्यामुळे ओळी तोडल्यावर मध्ये रिकाम्या ओळी दिसतात. जुन्या कोडमधून ती काढून टाका, निदान रांगेत शेवटी ढकला.

तिसरी वाट बरोबर: पायथनच्या सीटाइप्स मॉड्यूलमधून विंडोजच्या आयपी हेल्पर लायब्ररीला थेट विचारणं. दुसऱ्या यंत्रासाठी सेंडएआरपी. आयपीचे चार बाइट नेटवर्कच्या क्रमात जसेच्या तसे मेमरीत जायला हवेत. उलटले तर १९२.१६८.१.२० ऐवजी २०.१.१६८.१९२ ला हाक जाते. परतावा ० आणि लांबी ६ असेल तरच उत्तर घ्या. हे फक्त आयपीव्ही४ साठी. स्वतःच्या कार्डांसाठी गेटअ‍ॅडाप्टर्सअ‍ॅड्रेसेस. सुरुवातीलाच १५ केबीचा बफर द्या, असं मायक्रोसॉफ्टच सुचवतं, आणि तरी १११ हा एरर आला तर त्यानं सांगितलेल्या आकाराचा बफर घेऊन पुन्हा विचारा. स्ट्रक्चर लिहायला किचकट आहे, पण एकदा लिहिलं की भाषा, कोडपेज, जोडरेघा यांचं सगळं झेंगट मिटतं. तरी ‘एआरपी -ए’ वाचावंच लागलं, तर त्यात २२४.०.०.२२ समोर ०१-००-५ई-००-००-१६ अशा मल्टिकास्टच्या ओळीही असतात, हे ध्यानात ठेवा.

मॅकओएसची खोड एकच, पण ती सगळ्यांना चावते. तिथली एआरपी कमांड प्रत्येक बाइटचं पुढचं शून्य गाळते. ००:१सी:४२:००:००:०८ हे ०:१सी:४२:०:०:८ असं छापलं जातं. दोन-दोन अंकांचा आग्रह धरणाऱ्या नमुन्याला अशी ओळ दिसतच नाही, आणि पत्त्यात शून्यानं सुरू होणारा बाइट नसला तर सगळं सुरळीत चालतं. म्हणून चूक कधी दिसते, कधी दिसत नाही. एक किंवा दोन अंक चालतील असा नमुना ठेवा, विसर्गचिन्हावर तोडा, प्रत्येक तुकडा दोन अंकांचा करा, मग लहान अक्षरांत जोडा. कमांडला ‘-एन’ जोडायला विसरू नका; नाहीतर ती प्रत्येक आयपीचं नाव डीएनएसला विचारत बसते आणि इंटरनेट बंद असताना टूल गोठल्यासारखं वाटतं. ओपनबीएसडीवर आयएफकॉन्फिगमध्ये ‘ईथर’ ऐवजी ‘एलएलअ‍ॅडर’ हा शब्द येतो, बाकी तिथे फार त्रास नाही.

कमांड चालवायचीच तर नीट चालवा. शेलमधून नको, यादी देऊन. टाइमआउट लावा. वातावरणात ‘एलसी_ऑल=सी’ टाका, म्हणजे लिनक्सवर तरी इंग्रजी आउटपुट येईल. पाथमध्ये /एसबिन आणि /यूएसआर/एसबिन जोडा. क्रॉनमधून, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप, चालवलं की ते नसतात आणि ‘माझ्या टर्मिनलमध्ये चालतं, रात्री चालत नाही’ अशी तक्रार येते. विंडोजवर ‘क्रिएट नो विंडो’ हा झेंडा लावा, नाहीतर खिडकीवाल्या प्रोग्राममधून दर वेळी काळी चौकट चमकून जाते. आउटपुट बाइटमध्ये घ्या आणि न वाचता येणारी अक्षरं बदलून डीकोड करा. मॅकचे अंक साधे आस्की असतात, शेजारच्या जर्मन शब्दापायी सगळं कोसळण्याचं कारण नाही. आणि कमांड आहेच असं धरू नका. डेबियन ९ पासून आयएफकॉन्फिग आणि एआरपी मुळात बसवलेले नसतात, कंटेनरच्या छोट्या इमेजमध्ये ‘आयपी’ ही कमांडसुद्धा नसते.

कंटेनरवरून आठवलं. डॉकरच्या (प्रोग्राम वेगळ्या कप्प्यात, म्हणजे कंटेनरमध्ये चालवणाऱ्या साधनाच्या) आत टूल चालवलं तर कंटेनरचा पत्ता मिळतो, मशीनचा नाही. वर्षानुवर्षं तो ०२:४२ नं सुरू व्हायचा आणि पुढचे चार बाइट म्हणजे कंटेनरचाच आयपी: १७२.१७.०.२ चं एसी:११:००:०२. मशीनचा हवा असेल तर होस्ट नेटवर्कवर चालवा. विंडोजच्या आत लिनक्स चालवणाऱ्या डब्ल्यूएसएल२ मध्येही तेच, तिथे हायपर-व्हीच्या आभासी कार्डाचा पत्ता येतो. अँड्रॉइड १० पासून अ‍ॅपांना /प्रोक/नेट वाचताच येत नाही, त्यामुळे टर्मक्स या फोनवरच्या टर्मिनल अ‍ॅपमध्ये शेजाऱ्यांची यादी मिळेल ही आशा सोडा. अशा ठिकाणी ‘आधार नाही’ असं कागदपत्रांत स्पष्ट लिहिलेलं बरं. निम्म्या तक्रारी तिथेच थांबतात.

एकाच प्रश्नासाठी तीन-चार पद्धती असल्या की त्या क्रमानं वापरून जी चालली ती लक्षात ठेवण्याचा मोह होतो. ठेवा, वेग वाढतो. पण ‘पद्धत चालली नाही’ आणि ‘यंत्र सापडलं नाही’ हे दोन वेगळे निकाल आहेत. बंद असलेल्या प्रिंटरपायी उत्तर आलं नाही म्हणून चांगली पद्धत यादीतून काढली, तर पुढच्या चालू यंत्रालाही टूल वाईट पद्धतीनं शोधतं. कमांडच नाही, फाइलच नाही, परवानगी नाही: तेवढ्यालाच पद्धत बाद.

चाचण्यांसाठी तिन्ही सिस्टिमच्या खऱ्या मशीनवर टूल चालवणं लागतंच, पण तेवढ्यानं भागत नाही, कारण जर्मन विंडोज ७ किंवा बिझीबॉक्सची एआरपी कुणाच्या टेबलावर नसते. उपाय म्हणजे नमुने जमवणं. प्रत्येक तक्रारीसोबत त्या कमांडचं पूर्ण आउटपुट मागवायचं, फाइल म्हणून ठेवायचं आणि चाचणीत सबप्रोसेसच्या जागी ती फाइल द्यायची. त्या फोल्डरसाठी गिटला ओळींची टोकं बदलू नकोस असं सांगा, नाहीतर तो दोन कॅरेज रिटर्नवाल्या नमुन्याचाच कायापालट करू शकतो आणि नेमकी तीच चूक पकडणारी चाचणी खोटी पास होते. खरे पत्ते मात्र जाहीर रिपॉझिटरीत नकोत. उदाहरणांसाठी ००:००:५ई:००:५३:०० ते ००:००:५ई:००:५३:एफएफ ही पट्टी राखूनच ठेवली आहे, आयपीसाठी १९२.०.२.०/२४. पत्ते बदलताना मॅकओएसच्या नमुन्यात गाळलेली शून्यं चुकून भरू नका. नमुन्याची किंमत त्या गाळलेल्या शून्यातच आहे.

पायथनच्या आवृत्त्यांबद्दल माझं मत जरा जुनाट आहे. अधिकृतपणे ३.८ चा आधार ऑक्टोबर २०२४ मध्ये संपला. पण विंडोज ७ वर ३.८ च्या पुढचं पायथन बसत नाही, आणि कारखान्यांच्या ऑफिसांत, हजेरीच्या मशीनला जोडलेल्या कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर, अजून विंडोज ७ सर्रास आहे. असलं टूल सर्वांत जास्त तिथेच लागतं. म्हणून ३.८ नंतर आलेलं काही वापरू नका: मॅच नको, टाइपमध्ये उभी रेघ नको, रिमूव्हप्रीफिक्स नको. याशिवाय कोड काही अडत नाही. ३.१२ मध्ये डिस्टयूटिल्स गेलं, तेव्हा त्याचा एखादा जुना तुकडा सेटअपच्या फाइलमध्ये उरला असेल तर नव्या पायथनवर बसवणंच अडू शकतं. कुठल्या आवृत्तीपासून चालतं ते पॅकेजच्या माहितीत ‘रिक्वायर्स पायथन’ मध्ये लिहाच. ते नसेल तर जुन्या पायथनवरचा पिप बिनदिक्कत नवी आवृत्ती उतरवतो. आधार काढायचा असेल त्या दिवशी ही एक ओळ बदलली की जुन्या मशीनांना आपोआप शेवटची चालणारी आवृत्ती मिळत राहते.

बाहेरची पॅकेजं शून्य ठेवावीत. तुम्हाला फक्त स्वतःच्या मशीनच्या कार्डांचे पत्ते हवे असतील आणि एक पॅकेज वाढल्याचं काही वाटत नसेल, तर मात्र हे सगळं सोडा आणि पीएसयूटिल हे तयार पॅकेज वापरा. ते काम ते उत्तम करतं. शेजारच्या यंत्रांचे पत्ते ते देत नाही, एवढंच.

कमांड म्हणून चालवल्यावर टूलनं स्टँडर्ड आउटपुटवर फक्त पत्ता छापावा, बाकी सगळी बडबड एरर आउटपुटवर. सापडला तर परतावा ०, नाही तर १. बॅच फाइलमधून वापरणाऱ्याला तेवढंच पुरतं. आणि तक्रारीच्या नमुन्यात चार गोष्टी सक्तीच्या ठेवा: सिस्टिमची नेमकी आवृत्ती, पायथनची आवृत्ती, डीबग चालू करून आलेलं आउटपुट, आणि व्हीपीएन, डॉकर किंवा डब्ल्यूएसएल यांपैकी काय चालू आहे. चौथ्या प्रश्नाचं उत्तर लिहिता लिहिताच बऱ्याच जणांना आपली चूक सापडते आणि तक्रार येतच नाही.